लेखाच्या बाजूनं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या आमच्या ग्रंथपाल बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते वाचनालयाच्या याच इमारतीच्या मागच्या खोलीत. पुढ्यात एका त्रैमासिकाचा नुकताच आलेला अंक होता आणि डाव्या हाताला कोऱ्या कार्डांचा गठ्ठा. बाई अंकातला एकेक लेख वाचत होत्या आणि प्रत्येक लेखाचं एक कार्ड करत होत्या. वर लेखकाचं नाव, मग लेखाचं नाव, अंक, पृष्ठं आणि खाली बारीक अक्षरात, लेख कशाबद्दल आहे ते दोन ओळींत. पुस्तकांची कार्डं सगळीच वाचनालयं करत. अंकातल्या लेखांची कार्डं करा असं बाईंना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याचे वेगळे पैसेही मिळत नव्हते. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अंक बांधून कपाटात गेला की आतला लेख कोंडला जातो. कार्ड असलं तर कधीतरी कोणीतरी येऊन त्याला बाहेर काढेल."

संशोधन-प्रकाशनाचं भवितव्य, आणि त्यात प्रकाशक आणि ग्रंथालयं यांचं काय होणार, हा आजचा विषय. मी अठरा वर्षं एका मराठी संशोधन त्रैमासिकाचं संपादन केलं. त्यामुळे हा विषय माझ्यापुढे कधी सिद्धान्त म्हणून आला नाही. छापखान्याचं बिल, परत आलेलं टपाल, परीक्षकानं सहा महिने दाबून ठेवलेला लेख, असाच तो आला. तेव्हा मी तिथूनच सुरुवात करतो.

चार वर्षांपूर्वी मला एका मराठी मुलीचं पत्र आलं. मूळची नाशिककडची, परदेशात पाण्याच्या सामूहिक व्यवस्थापनावर पीएच.डी. करत होती. आपल्या धुळे जिल्ह्यातली पांझरेवरची फड पद्धत हा तिचा विषय. इथल्या श्रोत्यांना फड समजावून सांगायला नको. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी कोणाला कधी द्यायचं ते पाटकरी ठरवणार. काही शतकं चाललेली ही व्यवस्था. तिच्याबद्दल इंग्रजीत जे काही छापलं गेलं होतं ते सगळं त्या मुलीनं वाचलं होतं. तिचं म्हणणं एवढंच होतं की, हे सगळे लेखक बाहेरून आलेले. बंधाऱ्यावर प्रत्यक्ष काम केलेल्या माणसांशी त्यांच्या भाषेत कोणी बोललंच नाही का? दोन वर्षं ती हे शोधत होती.

कोणीतरी बोललं होतं. साक्री तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी आठ-दहा वर्षं त्या बंधाऱ्यांवर फिरून, पाटकऱ्यांजवळ बसून, जागल्या आणि हवालदार यांची कामं, त्यांना मिळणारं धान्य, भांडण झालं तर ते कसं मिटे, हे सगळं टिपून ठेवलं होतं. 1996 मध्ये आमच्याच त्रैमासिकात दोन अंकांत त्यांचा लेख आला होता. तेव्हा मी संपादक नव्हतो, आणि खरं सांगतो, हा लेख मलाही माहीत नव्हता. मुलीच्या मामांनी इथं येऊन सहज चौकशी केली, कोणीतरी त्यांना कार्डांची ती जुनी पेटी दाखवली, आणि "सिंचन – फड – पांझरा" असं एक कार्ड निघालं. बाईंच्या अक्षरातलं.

तीनशे प्रती छापल्या गेलेल्या एका अंकातला तो लेख जगाच्या दुसऱ्या टोकाला वाचणारी एक मुलगी होती. दोघांच्या मधे पंचवीस वर्षं काय होतं, तर फक्त एक कार्ड.

शियाळी रामामृत रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती पाठ असतात. माझं लक्ष त्यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सूत्राच्या जोडीकडे जातं. दुसरं सूत्र वाचकाच्या बाजूनं बोलतं: त्याला हवं ते पुस्तक त्याला मिळालं पाहिजे. तिसरं पुस्तकाच्या बाजूनं बोलतं: कपाटातल्या पुस्तकालाही त्याचा वाचक मिळवून द्यायला हवा. वरवर पाहिलं तर दोन्ही एकच वाटतात, पण तसं नाही. वाचक तक्रार करू शकतो. पुस्तकाला तोंड नाही, म्हणून त्याची बाजू कोणीतरी घ्यावी लागते. गेली तीस वर्षं संशोधन-प्रकाशनाबद्दल जगात जी भांडणं चालली आहेत ती जवळजवळ सगळी दुसऱ्या सूत्राची आहेत. मला आज तिसऱ्याबद्दल बोलायचं आहे.

आधी दुसऱ्या सूत्राचा हिशेब पाहू, कारण त्यात आपल्या देशानं अलीकडे फार मोठं पाऊल टाकलं आहे. 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये. तीस प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिकं, 6,300 हून अधिक सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्था, आणि त्यांतले सुमारे 1 कोटी 80 लाख विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधक. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र हे सगळं सांभाळतं. आडगावच्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीला आज जे नियतकालिक उघडता येतं ते दहा वर्षांपूर्वी मोठ्या विद्यापीठालाही परवडत नव्हतं. मी या योजनेचं मनापासून स्वागत करतो. ज्यांनी एकेका लेखासाठी परदेशी लेखकांना पत्रं लिहून सुट्या प्रती मागवल्या आहेत, त्यांना याचं मोल कळेल.

पण हे पैसे कशाचे, ते नीट समजून घेतलं पाहिजे. पूर्वी वाचनालय वर्गणी भरायचं तेव्हा अंक घरी यायचा. पुढच्या वर्षी वर्गणी नाही भरली तरी मागच्या वर्षीचा बांधीव खंड कपाटातच राहायचा. दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक असायचा, तो वाचनालयाच्या मालकीचा असायचा. आता जे मिळतं तो प्रवेश आहे. भाड्याच्या घरासारखा. करारात काही जुन्या वर्षांची मुभा मिळवता येते, पण मूळ वस्तू आपल्या कपाटात नसते. शिवाय योजनेत ज्या संस्था बसत नाहीत त्या बाहेरच राहतात. या सभागृहात बसलेला स्वतंत्र अभ्यासक बाहेरच आहे. निवृत्त झाल्यावर प्राध्यापकही बाहेर. साक्रीचे ते शिक्षक आज हयात असते तर तेही बाहेरच राहिले असते.

ही व्यवस्था इथवर आली कशी, ते थोडक्यात सांगतो. 1665 च्या मार्चमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डनबर्ग यांनी स्वतःच्या खर्चानं "फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स" सुरू केलं. त्याआधी दोनच महिने पॅरिसमध्ये असंच एक नियतकालिक निघालं होतं. विद्वानांची एकमेकांना जाणारी पत्रं एकत्र छापावीत, म्हणजे कोणी काय आधी शोधलं याची नोंद राहील, इतकी साधी कल्पना. जवळजवळ तीनशे वर्षं हे काम मुख्यतः विद्वत्सभांनी केलं. त्यात पैसा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारांनी विज्ञानावर पाण्यासारखा खर्च सुरू केला, विद्यापीठं वाढली, आणि रॉबर्ट मॅक्सवेलसारख्या माणसाच्या लक्षात आलं की संशोधनाच्या नियतकालिकाला पर्याय नसतो. एक महाग झालं म्हणून ग्रंथपाल दुसरं घेऊ शकत नाही, कारण त्यातला लेख दुसरीकडे नसतोच. त्याच्या परगॅमॉन प्रेसनं शेकडो नियतकालिकं काढली, आणि 1991 मध्ये ती एल्सव्हिअरकडे गेली. आज त्या कंपनीच्या संशोधन-प्रकाशन विभागाचा नफा दर शंभर रुपयांच्या विक्रीमागे सदतीस-अडतीस रुपये आहे. लेख संशोधक फुकट लिहितो, दुसरा संशोधक फुकट तपासतो, दोघांचा पगार बहुधा जनतेच्या पैशातून येतो, आणि शेवटी तो लेख ग्रंथालयाला विकत घ्यावा लागतो.

याविरुद्ध "ओपन ॲक्सेस"ची, म्हणजे खुल्या प्रवेशाची चळवळ उभी राहिली. 2002 चा बुडापेस्टचा जाहीरनामा हा तिचा पहिला मोठा टप्पा. जनतेच्या पैशानं झालेलं संशोधन जनतेला मोफत वाचता आलं पाहिजे, ही मागणी न्याय्य होती आणि आहे. पण मोठ्या प्रकाशकांनी ती आपल्या पद्धतीनं मान्य केली. वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत ना, मग लेखकाकडून घेऊ. "नेचर"नं 2021 पासून खुल्या लेखासाठी 9,500 युरो आकारायला सुरुवात केली. त्या वेळच्या दरानं आठ लाख रुपयांच्या पुढे. आपल्याकडच्या कनिष्ठ संशोधकाचं तेव्हाचं दोन वर्षांचं विद्यावेतन त्यात संपलं असतं. वाचण्यासाठी उघडलेलं दार लिहिणाऱ्यासाठी बंद झालं.

आता तिसऱ्या सूत्राकडे येतो, आणि त्यासाठी कोसंबींची गोष्ट सांगतो.

दामोदर धर्मानंद कोसंबी गोव्यात कोसबें इथं 1907 मध्ये जन्मले. इतिहासकार म्हणून ते आपल्याला माहीत आहेत, पण पोटापाण्याचा व्यवसाय गणिताचा. पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवत असताना त्यांनी लागोपाठच्या दोन वर्षांत दोन शोधनिबंध छापले. 1943 चा निबंध "जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी"मध्ये आला. 1944 चा लंडनच्या "अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स"मध्ये. लंडनचा निबंध चार पानांचा आहे. गुणसूत्रावर दोन जनुकांमधलं अंतर कसं काढावं याचं एक सूत्र त्यात आहे. ते "कोसंबी फंक्शन" या नावानं जगभर वापरलं जातं. आजही भाताच्या किंवा गव्हाच्या जनुकांचा नकाशा करणारा विद्यार्थी संगणकावर कोसंबींचं नाव निवडतो, मग त्याला ते कोण होते हे ठाऊक असो वा नसो. भारतात छापलेल्या निबंधातली कल्पना त्याहून खोल होती. पुढच्या काही वर्षांत फिनलंडमध्ये कारहुनेन आणि फ्रान्समध्ये लोएव्ह यांनी तीच गोष्ट स्वतंत्रपणे मांडली. ध्वनी, चित्र, चेहरा यांची संगणकीय ओळख पटवण्यात ती पायाभूत ठरली, आणि "कारहुनेन–लोएव्ह" या नावानं पाठ्यपुस्तकांत गेली. अलीकडे काही लेखक त्यांच्या आधी कोसंबींचं नाव जोडू लागले आहेत.

माणूस एकच, गावही एकच, पुणे. दोन निबंधांत एका वर्षाचं अंतर. लंडनच्या कपाटातल्या निबंधाला वाचक सापडले, इथल्या कपाटातल्याला सापडले नाहीत. युद्धाचा काळ होता, जहाजांनी टपाल नीट जात नव्हतं, हे सगळं खरं. तरी मला ही गोष्ट आठवली की अस्वस्थ व्हायला होतं. कारण यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे, "मग लंडनलाच छापा." आपल्या विद्यापीठांनी गेली पन्नास वर्षं आपल्या माणसांना हाच सल्ला दिला आहे.

दुसराही एक रस्ता होता, आणि तो कोसंबींच्या पंधरा वर्षं आधी एका माणसानं चालून दाखवला होता. 28 फेब्रुवारी 1928 रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विकिरणातला तो नवा परिणाम दिसला. 16 मार्चला बंगळुरूला त्यांनी त्यावर व्याख्यान दिलं. ते व्याख्यान छापलं कलकत्त्याच्या "इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स"नं. ते नियतकालिक जगात फारसं कोणी वाचत नाही, हे रामन यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी त्या निबंधाच्या प्रती घाईनं छापून घेतल्या आणि जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांना टपालानं धाडल्या. लेख घरचाच राहिला, पण तो जगाच्या टेबलावर जाऊन पडला. 1930 चं नोबेल त्यानंतरचं. रामन यांनी इथं निव्वळ शास्त्रज्ञाचं काम केलं नाही. प्रकाशकाचं आणि ग्रंथपालाचंही केलं, ते पुस्तकाच्या बाजूनं उभे राहिले.

आपण काय केलं? आपण अध्यापकांच्या बढतीला छापलेल्या लेखांची संख्या जोडली. 2010 च्या नियमांनी लेखाला गुण ठरवले. हेतू वाईट नव्हता, शिक्षकांनी संशोधन करावं असा होता. पण गुणांना बाजार लागला. दोन हजार रुपये भरा, आठवड्यात लेख छापून मिळेल, परीक्षण वगैरे काही नाही, अशी लुटारू नियतकालिकं पावसाळ्यात छत्र्या उगवाव्यात तशी उगवली. हैदराबादच्या ओमिक्स या कंपनीला अमेरिकेच्या न्यायालयानं 2019 मध्ये 5 कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली, इतकी ही गोष्ट जगजाहीर झाली. विद्यापीठ अनुदान आयोगानं पुण्याच्या विद्यापीठात कक्ष स्थापून विश्वसनीय नियतकालिकांची "केअर" यादी करायला घेतली. 2025 च्या फेब्रुवारीत तीही बंद केल्याचं जाहीर झालं. आता प्रत्येक संस्थेनं आपापलं ठरवायचं.

गुणांच्या त्या बाजाराच्या काळात आमच्याकडे एक तरुण प्राध्यापक आले होते. कुणब्यांच्या घरातल्या जुन्या मोडी हिशेबवह्या त्यांनी जमवल्या होत्या. सामग्री अस्सल होती, पण मांडणी कच्ची. परीक्षकांनी चार पानांची टिपणं दिली. मी त्यांना म्हटलं, या वह्यांतली वजनमापं आधी नीट लावा, मग पुन्हा पाठवा, आम्ही नक्की छापू. ते म्हणाले, "सर, माझी मुलाखत पुढच्या महिन्यात आहे." त्यांनी लेख दुसरीकडे पैसे भरून छापला, जसाच्या तसा, मापांच्या चुकांसकट. त्यांना बढती मिळाली. त्या वह्यांवर पुन्हा काही लिहिलं गेलं नाही. त्यांचा मला राग नाही. माझं दुःख त्या वह्यांचं आहे. नीट संपादित झालेला एक लेख त्यांना मिळायला हवा होता, तो मिळाला नाही.

म्हणून प्रकाशकाचं भवितव्य काय, असं विचारलं तर मी हेच सांगतो: छापणं आता कोणीही करू शकतं. "पुन्हा लिहून आणा" असं आपुलकीनं सांगणारा आणि त्यासाठी लेखकाबरोबर वर्षभर थांबणारा माणूस ही खरी प्रकाशनसंस्था. परीक्षण करणाऱ्याला, मुद्रितं तपासणाऱ्याला, संदर्भसूची ताडून पाहणाऱ्याला पैसे लागतात. ते लेखकाकडून घेतले की लेख नाकारणं अवघड होतं. वाचकाकडून घेतले की वाचक तुटतो. मग कोणाकडून घ्यायचे?

याचं एक उत्तर मुंबईतच मिळालं होतं. परळच्या केईएम रुग्णालयाचं आणि शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाचं "जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन" हे जुनं नियतकालिक. डॉ. डी. के. साहू या बालरोगतज्ज्ञानं 1997 मध्ये मुंबईत "मेडनो" ही प्रकाशनसंस्था सुरू केली आणि या नियतकालिकासह अनेक वैद्यकीय संघटनांची नियतकालिकं इंटरनेटवर सर्वांना मोफत खुली केली. लेखकाकडून शुल्क नाही, वाचकाकडून नाही. छापील अंकाच्या वर्गणीवर आणि संघटनांच्या मदतीवर ते चाले. फुकट दिल्यावर वर्गणीदार तुटतील ही भीती खोटी ठरली. उलट जगभरातून लेख येऊ लागले, कारण लेख सापडू लागले. पुढे शंभराहून अधिक नियतकालिकं त्यात आली, आणि 2011 मध्ये वोल्टर्स क्लुवर या डच कंपनीनं ती संस्था विकत घेतली. आपल्याच महाराष्ट्रात बांधलेली अशी गोष्ट आपल्या विद्यापीठांनी का सांभाळली नाही, हा प्रश्न मला कायम सलतो.

ब्राझीलनं सांभाळली. मेडनो सुरू झाली त्याच सुमाराला साओ पावलो राज्याच्या विज्ञाननिधीनं "सायएलो" उभं केलं. पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांतली नियतकालिकं, सरकारी पैशानं, एका ठिकाणी, खुली. मागाहून लॅटिन अमेरिकेतले अनेक देश त्यात आले. आपल्या भाषेत लिहिलं म्हणून संशोधन खालच्या दर्जाचं, ही समजूत त्यांनी मनाशी धरली नाही. आणि जगातले भौतिकशास्त्रज्ञ, गणिती रोज सकाळी जे उघडून बसतात ते "अर्काइव्ह" 1991 मध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी सुरू केलं, आणि 2001 पासून अनेक वर्षं ते चालवलं कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयानं. ग्रंथालयानं! माझ्या बोलण्याचा रोख इथं आहे. आपण ग्रंथालयाला विकत घेणारं खातं समजतो. ते छापणारं, जपणारं आणि शोधून देणारं घर होऊ शकतं.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गावोगाव फिरून जमवली आणि बावीस खंड छापले. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. तिथं कागद जपायचे, त्यावर निबंध वाचायचे, आणि तेच इतिवृत्तात छापायचे, हे सगळं एका छपराखाली चाले. 31 डिसेंबर 1926 ला राजवाडे आपल्या धुळ्यात वारले आणि त्यांची दप्तरं इथं राहिली. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथांची सूची केली, 1800 पासून 1937 पर्यंतची, ती एका माणसाच्या चिकाटीवर. संशोधक, प्रकाशक आणि ग्रंथपाल ही तीन माणसं तेव्हा एकमेकांच्या शेजारी बसत. नंतर आपण ती वेगळी केली.

आता जपण्याबद्दल. 2009 मध्ये आम्ही आमच्या त्रैमासिकाचे माझ्या काळातले अंक एका महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवले. फार आनंद झाला होता. दोन गोष्टी मला तेव्हा कळल्या नव्हत्या. पहिली टंकाची. आमचे अंक जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले होते, युनिकोडमध्ये नव्हते. पडद्यावर मराठी दिसे. पण शोधायच्या चौकटीत "बलुतं" लिहिलं की एकही निकाल येत नसे. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की डोक्यावर टिंबं आणि रेघा असलेली रोमन अक्षरं उमटत. यंत्राच्या लेखी आमच्या त्या सगळ्या अंकांत मराठीचा एक शब्दही नव्हता. महाराष्ट्रातल्या कितीतरी संशोधनपत्रिकांची आजही हीच अवस्था आहे. दुसरी गोष्ट 2014 मध्ये कळली. महाविद्यालयानं संकेतस्थळाचं नूतनीकरण केलं आणि आमचे अंक त्यात आले नाहीत. कोणी मुद्दाम काढले नव्हते, कोणाच्या लक्षातच राहिले नव्हते. असं फक्त आमच्याच बाबतीत घडलं असं नाही. 2020 मध्ये काही युरोपीय अभ्यासकांनी मोजदाद केली तेव्हा वीस वर्षांत पावणेदोनशेच्या आसपास खुली नियतकालिकं इंटरनेटवरून पुसली गेलेली आढळली. मोफत असणं आणि टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला मन मोठं लागतं, दुसरीला शिस्त लागते, आणि ती शिस्त ग्रंथपालाकडे असते.

जुने अंक जपण्याची घाई करायला आता आणखी एक कारण आहे. मोठ्या प्रकाशकांचे लेख कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या विकत घेऊ लागल्या आहेत. 2024 मध्ये टेलर अँड फ्रान्सिसच्या मालक कंपनीनं मायक्रोसॉफ्टशी केलेल्या करारात पहिल्या वर्षाचेच सुमारे 1 कोटी डॉलर होते. उद्याचा विद्यार्थी आपला पहिला प्रश्न यंत्राला विचारणार आहे. पांझरेच्या फडाबद्दल यंत्र काय सांगेल? इंग्रजीत जे छापलं गेलं तेच. पाटकरी काय म्हणाला हे त्याला कळणार नाही, कारण ते वाळवी लागलेल्या कागदावर आहे किंवा न वाचता येणाऱ्या फॉन्टमध्ये. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. त्या निमित्तानं येणाऱ्या पैशातला पहिला रुपया मराठी संशोधनपत्रिकांचे जुने अंक वाचता येतील अशा युनिकोड मजकुरात आणण्यावर खर्च व्हावा, असं मला वाटतं. पुतळ्यांवर आणि संमेलनांवर नंतर.

यासाठी लागणारी साधनं बहुतेक फुकट आहेत. नियतकालिक चालवायची "ओपन जर्नल सिस्टिम्स" ही प्रणाली जॉन विलिन्स्की यांच्या गटानं वीसहून अधिक वर्षांपूर्वी सर्वांसाठी खुली केली. मराठी लेख तीत व्यवस्थित बसतात. नियतकालिकाचा आयएसएसएन क्रमांक दिल्लीहून विनामूल्य मिळतो. लेखाचा कायमचा पत्ता, ज्याला डीओआय म्हणतात, त्याला थोडा खर्च येतो, पण चार-पाच ग्रंथालयांनी मिळून केलं तर तो एका दिवाळी अंकाच्या जाहिरातीइतकाही नाही. लागतो तो एक माणूस, ज्याच्या कामाच्या यादीत हे काम लिहिलेलं असेल. महाविद्यालयांनी ग्रंथपालाला जागा भरेपर्यंत "प्रभारी" ठेवायचं आणि त्याच्याकडे परीक्षेची कामं द्यायची, हे थांबलं पाहिजे. ज्या महाविद्यालयात ग्रंथपाल नाही तिथं संशोधन केंद्र नसावं, इतकं स्पष्ट मी म्हणेन.

मोठ्या योजना होतील तेव्हा होतील. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही इथं छोटी सुरुवात केली आहे. बाईंच्या मागच्या खोलीत एक स्कॅनर आहे, दर शनिवारी दोन विद्यार्थिनी येतात. त्या पान स्कॅन करतात, यंत्रानं ओळखलेला मजकूर ओळीओळीनं मूळ पानाशी ताडून पाहतात. यंत्र अजून "र्‍ह" आणि "ऱ्य"मध्ये चुकतं, जुन्या खिळ्यांत तुटलेला अनुस्वार त्याला दिसत नाही. दिवसाला पंधरा-सोळा पानं होतात. प्रत्येक लेखाचे विषयशब्द देताना मुली आधी बाईंचं कार्ड काढून बघतात, कारण त्या दोन ओळींत जे असतं ते अजून कुठल्या यंत्रानं त्यांना दिलेलं नाही. साधारण अडीच हजार कार्डं आहेत. फडाचा तो लेख आम्ही सगळ्यांत आधी घेतला आणि परदेशातल्या त्या मुलीला पाठवला.

पूर्वार्धच पाठवला, कारण उत्तरार्ध आमच्याकडे नाही. कार्डावर बाईंनी लिहून ठेवलं आहे: "उत्तरार्ध पुढील अंकी. अंक पोचला नाही. पत्र लिहिले, 12 नोव्हेंबर." मी संपादक झालो तेव्हा जुन्या अंकांचे जे गठ्ठे माझ्याकडे आले त्यांतलं 1996 चं वर्ष वाळवीनं खाल्लं होतं. लेखकाच्या घरी गेलो होतो. मुलानं माळ्यावरची पेटी उघडून दाखवली, तीत टिपणवह्या आहेत, पण छापील अंक नाही. पाणीवाटपाच्या भांडणांचा सगळा भाग त्या उत्तरार्धात आहे.

आम्हाला हवा आहे तो जुलै–सप्टेंबर 1996 चा अंक. मुखपृष्ठ फिकट हिरवं, वर पितळी समईचं रेखाचित्र, एकूण छप्पन्न पानं. या सभागृहात जुनी वर्गणीदार घराणी बसलेली मला दिसत आहेत. घरी गेल्यावर कपाटाच्या वरच्या खणात, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात, जमलं तर आजच रात्री एकदा बघा. अंक आम्ही ठेवून घेणार नाही, एका शनिवारात स्कॅन करून परत आणून देऊ.